ऑप्टिकलने जोडलेल्या प्रीअँपमधून येणारी ‘टिक्‌टिक्’: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

नागपुरातल्या लहान स्टुडिओंची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक संगणक, त्याला यूएसबीने जोडलेला ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे आणि बाहेर आणणारे यंत्र), आणि माइकसाठी जागा कमी पडू लागल्यावर घेतलेला आठ चॅनेलचा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे यंत्र), जो एका ऑप्टिकल वायरने इंटरफेसला जोडला जातो. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांचे आणि गणेशोत्सवाच्या आधी आरत्यांचे काम येते, खंजिरी भजने तर वर्षभर चालूच असतात. अशा वेळी कोरस, ढोलकी, खंजिरी आणि हार्मोनियम एकदम घ्यायचे असल्याने हा प्रीअँप लावला जातो, आणि पुष्कळदा त्याच दिवसापासून रेकॉर्डिंगमध्ये ‘टिक्’ असा बारीक आवाज ऐकू येऊ लागतो. मालकाची समजूत अशी होते की नवा प्रीअँप खराब निघाला. ही तक्रार मी अनेक स्टुडिओंत निस्तरली आहे आणि यंत्र खरोखर बिघडलेले असण्याचे प्रसंग त्यांत फार थोडे होते. बहुतेक ठिकाणी दोन यंत्रांपैकी कोणी कोणाच्या घड्याळाने चालायचे, हेच ठरवलेले नव्हते.

लक्षणे

तक्रार सांगणारा प्रत्येक जण ‘आवाज फाटतो’ एवढेच सांगतो, परंतु त्या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे दोष दडलेले असतात, म्हणून काहीही हलवण्याआधी नेमके काय ऐकू येते ते लिहून ठेवावे.

ठरावीक अंतराने, म्हणजे दर सेकंदाला किंवा दर काही सेकंदांनी, एकसारखी टिक् येत असेल आणि ती केवळ प्रीअँपवरून आलेल्या चॅनेलांवर असेल, तर तो क्लॉकचा, म्हणजे यंत्राच्या आतल्या घड्याळाचा, दोष समजावा. टिक् अनियमित असेल, प्लगइन (सॉफ्टवेअरमधील इफेक्ट) वाढवले की वाढत असेल आणि सर्व चॅनेलांवर येत असेल, तर दोष संगणकाकडे आहे. वायर हलवली की आवाज तुटतो आणि कधी कधी चर्रकन मोठा आवाज येतो, हे वायरचे किंवा तिच्या टोकाचे लक्षण आहे. पहिले चार माइक येतात आणि पाच ते आठ पूर्ण शांत राहतात, हा मुळात बिघाडच नाही. त्याचा खुलासा पुढे येईल. पंखा, कूलर किंवा एसी चालू-बंद होताना आवाज तुटत असेल, तर विजेच्या जोडणीकडे बघावे लागते.

एक लक्षण मात्र सर्वांत घातक आहे, कारण रेकॉर्डिंग चालू असताना ते कळतच नाही. गायक काळी एकमध्ये गाऊन जातो, स्टुडिओत ऐकताना सर्व ठीक असते आणि दुसऱ्या दिवशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तोच आवाज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी, हार्मोनियमवर न सापडणाऱ्या सुरात, जरा घाईने गातो आहे असे ऐकू येते.

पहिली तपासणी: सॅम्पल रेट

हिला एक पैसा लागत नाही, म्हणून ती आधी करावी. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घ्यायचे तो आकडा, तीन ठिकाणी लिहिलेला असतो: रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधील प्रोजेक्टमध्ये, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि प्रीअँपच्या पुढच्या किंवा मागच्या बटणावर. तिन्ही ठिकाणी एकच आकडा हवा. सीडीच्या काळापासून संगीतासाठी ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि चित्रफितीसाठी ४८ किलोहर्ट्‌झ अशी वहिवाट पडलेली असल्यामुळे, आणि आज प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ निघतच असल्यामुळे, एकाच स्टुडिओत दोन्ही प्रकारचे प्रोजेक्ट उघडले जातात आणि प्रीअँपवरचे बटण मात्र कोणी हलवत नाही.

वर सांगितलेला सुराचा दोष यातूनच जन्मतो. प्रोजेक्ट ४८ चा आहे, परंतु इंटरफेस प्रीअँपच्या घड्याळावर चालत आहे आणि प्रीअँप ४४.१ वर आहे, असे समजा. अशा स्थितीत काही सॉफ्टवेअर नुसती सूचना देऊन पुढे जाते. फाइलवर ४८ असा शिक्का बसतो, आत मात्र सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच साठवले जातात. त्याच खोलीत त्याच घड्याळावर ऐकले तर चूक चुकीला झाकते. बाहेर खऱ्या ४८ वर वाजवले की सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो आणि पाच मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते. असे रेकॉर्डिंग फेकून देऊ नये, आणि पिच शिफ्टनेही ते खाली ओढू नये, कारण त्यात आवाजाचा पोत बिघडतो. वेव्ह एडिटरमध्ये फाइल उघडून, रूपांतर न करता, तिच्यावरचा सॅम्पल रेटचा शिक्का तेवढा ४४.१ असा बदलावा. सूर आणि लय दोन्ही मूळ जागी येतात, आणि त्यानंतर हवे असल्यास रीतसर ४८ मध्ये रूपांतर करून घ्यावे.

पाच ते आठ चॅनेल शांत असण्याचा उलगडाही येथेच होतो. अलेसिस कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या टेपयंत्रांसाठी आणलेली एडॅट ही ऑप्टिकल पद्धत एका वायरीतून ४४.१ किंवा ४८ वर आठ चॅनेल नेते. प्रोजेक्ट ८८.२ किंवा ९६ वर नेला की तेवढ्याच वाहतुकीत प्रत्येक चॅनेलला दुप्पट जागा लागते आणि चारच चॅनेल मावतात. दोन्ही यंत्रांना ऑप्टिकलची दुसरी जोडी असेल तर उरलेले चार तिच्यातून येतात, नसेल तर ४८ वर काम करावे. भजन, गीत, जाहिरात यांसाठी ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट पुरेसे आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. आठ माइक हातात असणे हे ९६ या आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

दुसरी तपासणी: घड्याळ कोणाचे

बहुतेक ठिकाणची टिक्‌टिक् येथेच संपते, म्हणून हा भाग घाईने वाचू नये.

प्रत्येक डिजिटल यंत्राच्या आत एक क्रिस्टल असतो आणि त्याच्या ठोक्यांवर ते यंत्र आवाजाचे सॅम्पल घेते. दोन यंत्रांवर ४८ असाच आकडा दिसत असला तरी दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. त्यांच्यात दशलक्षात वीस एवढा फरक असेल, आणि एवढा फरक अगदी सामान्य आहे, तर दर सेकंदाला साधारण एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडतो. तो सॅम्पल गळला किंवा दोनदा वाजला की त्या जागी लहरीत खाच पडते आणि तीच टिक् म्हणून ऐकू येते. खंजिरी वाजवणारे दोघे आपापल्या जागी लयीत पक्के असले तरी एकमेकांकडे कान न देता वाजवू लागले तर थोड्याच वेळात सांधा निसटतो, तसाच हा प्रकार आहे. दोघांपैकी चुकलेला कोणीच नसतो. एकाने दुसऱ्याच्या मागे जायचे ठरवले की काम भागते.

म्हणून नियम असा की पूर्ण जोडणीत मास्टर एकच असावा. त्याचे क्लॉक ‘इंटर्नल’ वर आणि बाकी सर्वांचे ‘एक्स्टर्नल’ वर असावे. आता प्रश्न येतो तो वायरीच्या दिशेचा. एडॅट आणि एसपीडीआयएफ (दोन चॅनेल नेणारी डिजिटल पद्धत) या दोन्ही पद्धतींत आवाजाबरोबर घड्याळाचे ठोकेही त्याच वायरीतून जातात, परंतु ते फक्त पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातात. प्रीअँपकडून इंटरफेसकडे येणारी एकच ऑप्टिकल वायर लावलेली असेल, तर इंटरफेस मास्टर होऊ शकत नाही, कारण त्याचे ठोके प्रीअँपपर्यंत पोहोचण्याची वाटच नसते. अशा वेळी इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स ‘एडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’ असा निवडावा आणि प्रीअँप ‘इंटर्नल’ वर ठेवावा. ‘लॉक’ किंवा ‘सिंक’ चा दिवा लुकलुकणे थांबून स्थिर झाला की लॉक लागला, म्हणजे घड्याळे जुळली, असे समजावे.

प्रीअँपला ऑप्टिकल इनपुट किंवा वर्ड क्लॉक (फक्त घड्याळाचे ठोके नेणारी जोडणी) इनपुट असेल तर मी उलट मांडणी पसंत करतो: इंटरफेसला मास्टर करावे आणि त्याच्या ऑप्टिकल आउटपुटमधून दुसरी वायर प्रीअँपकडे न्यावी. यातून त्या दिशेने आवाज पाठवायचा नसला तरी ठोके पोहोचतात. याचा फायदा व्यवहारातला आहे. प्रीअँप मास्टर असताना तो बंद केला की इंटरफेसचे घड्याळच जाते; मग नुसते मिक्सिंग करायचे असले तरी आवाज येत नाही आणि माणूस रात्री अकरा वाजता फोन करतो.

दोन्ही यंत्रे ‘एक्स्टर्नल’ वर ठेवली आणि दोन्ही बाजूंनी वायर लावली, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे जाऊ पाहतो. दिवे काही वेळ स्थिर दिसतात आणि मग सूर हळूहळू सरकतो किंवा लॉक सुटतो. ही जोडणी कधीही करू नये. क्लॉकसाठी वेगळा महागडा डबा घेण्याचा सल्लाही काही जण देतात. दोन-तीन यंत्रांच्या स्टुडिओला त्याची गरज नाही. बहुतेक इंटरफेस स्वतःच्या आतील क्रिस्टलवरच सर्वांत स्थिर चालतात.

दोष खरोखर गेला की नाही, हे गाणे ऐकून ठरवू नये, कारण ढोलकीच्या थापेखाली टिक् सहज लपते. इंटरफेसच्या एका लाइन आउटपुटमधून एक किलोहर्ट्‌झचा सलग सूर, उणे २० डेसिबलच्या आसपास, प्रीअँपच्या लाइन इनपुटमध्ये द्यावा आणि दोन-तीन मिनिटे रेकॉर्ड करावा. त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग आधी बंद करावे, नाहीतर आवाज फिरून पुन्हा त्याच वाटेने जाईल आणि स्पीकर किंचाळतील. शुद्ध सुरात बारीकशी खाचही कानाला टोचते, आणि लहर मोठी करून पाहिली की दोन खाचांमधले अंतर मोजता येते. अंतरे समान असतील तर घड्याळ अजून जुळलेले नाही. अंतरे वेडीवाकडी असतील तर पुढे वाचावे.

तिसरी तपासणी: रूटिंग (कोणता आवाज कोणत्या वाटेने जातो)

प्रीअँपवरचे मीटर हलते, लॉकचा दिवा स्थिर आहे आणि तरी सॉफ्टवेअरमध्ये काही येत नाही, अशी तक्रार असेल तर ऑप्टिकल पोर्टची पद्धत बघावी. एकाच आकाराच्या पोर्टमधून आठ चॅनेलचे एडॅट किंवा दोन चॅनेलचे एसपीडीआयएफ जाऊ शकते. वायर दोन्हींना तीच बसते, भाषा मात्र वेगळी असते. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ती निवड करावी लागते. त्यानंतर सॉफ्टवेअरमधील इनपुटची यादी बघावी. इंटरफेसचे स्वतःचे इनपुट आधी, मग एसपीडीआयएफ, मग एडॅट असा क्रम पुष्कळ ठिकाणी असतो, त्यामुळे प्रीअँपचा पहिला माइक यादीत अकराव्या जागी सापडणे यात काही नवल नाही. यादीतील नावे एकदा बदलून ‘प्रीअँप १’, ‘प्रीअँप २’ अशी करून ठेवली की हा शोध पुन्हा घ्यावा लागत नाही.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटत असेल, तर तोच आवाज दोन वाटांनी येत आहे: एकदा इंटरफेसच्या थेट मॉनिटरिंगमधून आणि एकदा सॉफ्टवेअरमधून काही मिलिसेकंद उशिरा. दोहोंपैकी एक वाट बंद करावी.

चौथी तपासणी: वायर

ऑप्टिकल वायर काढून तिचे मोकळे टोक तळहातासमोर धरले की लाल ठिपका दिसायला हवा. डोळ्याला लावून बघू नये. ठिपका फिका असेल तर टोक आणि पोर्ट कोरड्या, मऊ कापडाने पुसावे. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ किती उडते हे सांगायला नको, आणि पोर्टवरची छोटी टोपणे पहिल्याच दिवशी हरवलेली असतात. बहुतेक ऑप्टिकल वायरी प्लास्टिकच्या तंतूच्या असतात, म्हणून रॅकच्या मागे त्यांना घट्ट वळण देऊ नये आणि पाच मीटरच्या आत काम भागवावे. जवळची साधी, धड वायर लावून बघणे हीच खरी परीक्षा आहे. सोन्याचा मुलामा दिलेली महाग ऑप्टिकल वायर घेतल्याने आवाज सुधारत नाही. प्रकाशाला मुलाम्याशी काही देणेघेणे नसते.

एसपीडीआयएफ कोॲक्सने (तांब्याच्या वायरीने) जोडले असेल तर वायर ७५ ओहमची हवी, एईएस (एक्सएलआर टोकांची डिजिटल जोडणी) असेल तर ११० ओहमची. माइकची एक्सएलआर वायर एईएसच्या जागी बसते आणि मीटर-दोन मीटरपर्यंत बहुधा चालतेही, परंतु लांबी वाढली की सिग्नल टोकावरून परत उसळतो, ठोक्यांच्या कडा पुसट होतात आणि घेणाऱ्या यंत्राचे लॉक सुटू लागते. वर्ड क्लॉकच्या बीएनसी वायरीत आणखी एक फसगत होते. ५० ओहमची आरजी-५८ आणि ७५ ओहमची आरजी-५९ या दिसायला जवळजवळ सारख्या असतात, म्हणून वेष्टनावर छापलेले अक्षर वाचूनच वायर घ्यावी. केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ ही ७५ ओहमचीच असते. तिला योग्य टोके नीट बसवून घेतली तर या कामाला ती उत्तम चालते आणि ती सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळते. वर्ड क्लॉकच्या साखळीत ७५ ओहमचे टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून टोकाला दिलेला रोध) फक्त शेवटच्या यंत्रावर असावे. मधल्या यंत्रावरही ते चालू राहिले तर ठोक्यांची उंची घटते आणि शेवटचे यंत्र अधूनमधून लॉक सोडते.

पाचवी तपासणी: संगणक

बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) १२८ वरून ५१२ किंवा १०२४ वर न्यावा. टिक् नाहीशी झाली तर घड्याळाचा काही दोष नव्हता, संगणकाला वेळ पुरत नव्हता. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पल म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांहूनही कमी वेळ; तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने संगणक अडवून धरला की खाच पडते. विंडोजमध्ये वाय-फाय बंद करून बघावे, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ वर ठेवावा, यूएसबीचे ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावावा. कोणता ड्रायव्हर वेळ खातो हे ‘लेटन्सीमॉन’ या मोफत साधनाने दिसते. मॅकवर दोन इंटरफेस एकत्र करून ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ केला असेल, तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ मध्ये जे यंत्र मास्टर नाही त्याच्यासमोरचे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ चालू असले पाहिजे. दोन स्वतंत्र क्रिस्टलांचा तोच जुना प्रश्न तेथेही असतो.

सहावी तपासणी: ऊन आणि वीज

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, वीज गेली की एसी थांबतो, इन्व्हर्टरवर यंत्रे मात्र चालू राहतात आणि बंद रॅकमधली हवा झपाट्याने तापते. प्रीअँपच्या वर-खाली रॅकची एकेक जागा मोकळी सोडावी. सकाळी काही नाही आणि दोन तासांनी टिक्‌टिक् सुरू होते, यंत्र थंड झाले की पुन्हा ठीक, असा क्रम दिसला तर रॅकचे मागचे दार उघडून, समोर पंखा लावून एक दिवस काम करून बघावे. त्याने फरक पडला तर जागा बदलावी. फरक पडला नाही तर यंत्राच्या आतला एखादा भाग उष्णतेने मार्ग सोडतो आहे आणि ते काम आपले नाही.

कूलरची तपासणी दोघांनी करावी. एकाने सलग सुराचे रेकॉर्डिंग चालू ठेवावे आणि दुसऱ्याने बाहेरच्या खोलीतला कूलर व त्याचा पंप चालू-बंद करावा. बटण दाबताच खाच पडत असेल तर मोटरीचा झटका विजेच्या वाटेने किंवा तांब्याच्या सिग्नल वायरीतून आत येतो आहे. ऑप्टिकल वायरीतून वीज जात नाही, म्हणून शक्य असेल तर कोॲक्सऐवजी ऑप्टिकल जोडून पुन्हा तीच परीक्षा करावी. दोष गेला तर वाट सापडली. कूलर आणि स्टुडिओची यंत्रे एकाच बोर्डवर असू नयेत. कूलरची ओली हवा कंट्रोल रूममध्ये थेट घेऊही नये, कारण पितळी टोके त्याने लवकर काळवंडतात.

कोठे थांबावे

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावणे, हा उपाय कोणीही सांगितला तरी करू नये. माइकला हात लावला की झिणझिण्या येत असतील, यंत्राच्या धातूच्या अंगाला टेस्टर लावल्यावर दिवा पेटत असेल, किंवा बोर्डवर जळका वास येत असेल, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. अर्थिंगची तपासणी त्यानेच करायची आहे, आणि ती होईपर्यंत गायकाला माइकसमोर उभे करू नये.

यंत्राचे झाकणही उघडू नये. वीज काढल्यानंतरही पॉवर सप्लायमधील कपॅसिटरांत धक्का देण्याइतका भार काही काळ राहतो, आणि वॉरंटी असेल तर स्क्रू फिरवताच ती जाते. धड वायर, योग्य क्लॉक आणि एकच सॅम्पल रेट असूनही लॉकचा दिवा स्थिर होत नसेल, तर तोच प्रीअँप मित्राच्या इंटरफेसला लावून बघावा. तेथेही लॉक होत नसेल तर प्रीअँप, होत असेल तर आपला इंटरफेस, अधिकृत सेवा केंद्राकडे न्यावा. नेताना ‘आवाज फाटतो’ असे सांगू नये. सॅम्पल रेट, मास्टर कोण होता, कोणती वायर होती, दोष किती वेळाने सुरू होतो हे एका कागदावर लिहून द्यावे आणि एक किलोहर्ट्‌झच्या सुराचे ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर सोबत ठेवावे.